पायरी बुडाली का?

१३ जुलै २०२२. आषाढी पौर्णिमा. आदल्याच दिवशी चातुर्मास लागला होता. पाऊस तर आठवडाभर थांबायचं नाव घेत नव्हता. संध्याकाळचं जेवण उजेड असतानाच आटोपून मी भांडी आवरत होते, तेवढ्यात आतेबहिणीचा फोन आला. ती कडेम धरणाच्या खालच्या अंगाला एका खेड्यात दिलेली आहे, घरचं किराणा दुकान आहे. "ताई, पाणी धरणाच्या दारांवरून जातंय म्हणतात. आम्ही निघालो. सासूबाईंनी दुपारीच उठवलं सगळ्यांना."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी त्याहून कमी ऐकू येतं. त्या दिवशी दुपारी त्यांनी नातवाला एवढंच विचारलं होतं, "मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी बुडाली का?" नातू छत्री घेऊन बघून आला. म्हणाला, "बुडाली." म्हातारी म्हणाली, "मंग बसलाव काय? उठा."

सरकारी माणसं गावात माईक घेऊन आली ती त्यानंतर. तोवर या घरानं धान्याची पोती माळ्यावर चढवली होती, वह्या-चोपड्या प्लॅस्टिकमध्ये बांधल्या होत्या आणि बायका-मुलं उंचावरच्या शाळेत पोचली होती.

तिसरी पायरीच का, हे मी पुढे दिवाळीत गेले तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी हातानं माप दाखवलं. १९५८ साली त्या नव्या नवरी होत्या. त्या ऑगस्टमध्ये पाणी तिसऱ्या पायरीला लागलं, आणि पुढे जे झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौसष्ट वर्षं ती पायरी त्यांनी मनात जपून ठेवली होती. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणाला सांगितली नव्हती.

हा लेख त्या पायरीमुळे लिहिते आहे. संकट येणार की नाही, आलं तर केवढं, आणि सापडणार कोण, हा हिशेब आपल्या या डोंगराळ जिल्ह्यात कुणी, कधी, कसा मांडला, त्याची ही गोष्ट. वाटते तितकी रुक्ष नाही, मैत्रिणींनो. आपल्या घरांची गोष्ट आहे.

*

आधी जमीन कशी आहे ते डोळ्यांपुढे आणू. जुना आदिलाबाद जिल्हा म्हणजे तीन बाजूंनी नद्यांनी वेढलेला डोंगराळ मुलूख. उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी. मधोमध सातमाळ्याच्या रांगा, त्यांच्यावरचं सागाचं जंगल, पठारं आणि दऱ्या. वायव्येकडे आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखाच काळा दगड आणि काळी कपाशीची माती. पूर्वेकडे कोळशाचे थर. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

कडेम नदी याच डोंगरांत बोथ-बझारहतनूरकडे उगम पावते. कुंतलाचा धबधबा तुम्ही पाहिला असेल, सहलीच्या डब्यांसह! तो याच नदीवर. ती लांबीनं मोठी नाही, पण डोंगरातून येते. डोंगरातली नदी आणि मैदानातली नदी यांत तापट माणूस आणि शांत माणूस यांच्याइतका फरक असतो. गोदावरीला पूर यायला वरच्या प्रदेशात पाऊस पडून दिवस जावे लागतात, कडेमला काही तास पुरतात. दुपारी घोट्याएवढं असलेलं पाणी रात्री झाडाला लागतं.

ही जमीन फार काळ निजामाच्या राज्यात होती. पाण्याचा धोका मोजायची मोठी गरज त्या राज्याला पटली ती हैदराबादेत. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला आणि शहरातली सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं मानतात. मुसी एरवी ओढ्यासारखी, पण वरच्या बाजूचे तलाव एकामागोमाग फुटले आणि एकाचं पाणी दुसऱ्याला फोडत गेलं. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, पुण्याजवळ खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवणारे हेच ते अभियंते. त्यांनी पाऊस किती, पाणलोट केवढा, नदीच्या पोटात मावतं किती, याचा हिशेब मांडला आणि शहराच्या वर दोन जलाशय बांधायला सांगितलं. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले.

म्हणजे राजधानीला पुराचा हिशेब मिळाला, पण पंधरा हजार जीव गेल्यावर. आणि तो राजधानीपुरताच होता. डोंगरातल्या आदिलाबादेत त्या काळी सरकारला मोजायची होती ती झाडं आणि जमीन.

*

जंगल राखीव करायची मोहीम जोरात आली, गोंड आणि कोलाम लोकांना शेतांतून हटवू लागले. कुमरम भीम उभा राहिला, आणि १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात साथीदारांसह मारला गेला. त्यानंतर सरकारला वाटलं की या लोकांना समजून तरी घ्यावं. म्हणून १९४१ मध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ आदिलाबादेत आले आणि मारलवाई गावात राहिले. त्यांची पत्नी बेट्टी एलिझाबेथ सोबत होती. ही बाई १९८७ मध्ये वारली, तिची समाधी मारलवाईतच आहे. गोंड शिक्षक तयार करायला तिथे केंद्र निघालं, गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. आपल्या लिपीत!

हायमेंडॉर्फ यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. त्यात संकटांचा तक्ता नाही, पण धोक्याच्या दृष्टीनं महत्त्वाची एक गोष्ट त्यांच्या लेखनातून कळते. गोंडांची आणि कोलामांची गावं पूर्वी एका जागी खिळलेली नसत. जमीन थकली, रोगराई आली, जागा लाभेना, की गाव उठायचं आणि दुसरीकडे वसायचं. बांबूचा कूड, वर गवत, सगळं सामान चार बैलगाड्यांत. जागा बदलणं हाच त्यांचा विमा होता.

जंगल राखीव झालं, जमिनीला पट्टे आले, आणि ही वाट बंद झाली. पट्टा मिळाला हे चांगलंच झालं, नाहीतर जमीन सावकाराच्या घशात गेली असती. पण ज्या जागी नोंद झाली त्याच जागी पुढच्या सगळ्या पिढ्या राहणार हेही ठरून गेलं, मग ती ओढ्याच्या काठाला असो की पाणी नसलेल्या टेकडीवर. कितीतरी कोलाम गुडे आजही टेकडीवर आहेत. पावसाळ्यात पूर त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पण उन्हाळ्यात पाणीही पोचत नाही. आणि पावसाळ्यात खालचा ओढा भरला की डॉक्टरही पोचत नाही.

धोका आभाळातून येतो असं आपण म्हणतो. पण कोण कुठे राहतो हे आभाळ ठरवत नाही.

*

आता कडेमकडे येऊ. हैदराबाद संस्थान भारतात आलं १९४८ च्या सप्टेंबरात, आणि १९४९ मध्ये कडेमवर धरणाचं काम सुरू झालं. हेतू अगदी रास्त होता. भातशेतीला पाणी द्यायचं, दुष्काळाचा धोका कमी करायचा. मधे १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं. माझ्या आजोबांच्या दुकानाच्या उधारीची खाती एका रात्रीत दोन राज्यांत विभागली गेली, असं घरात गमतीनं सांगत. दफ्तरांचंही तसंच झालं. जुनी कागदपत्रं उर्दूत, नवी तेलुगूत, किनवटची मराठीत.

आणि १९५८ चा ऑगस्ट आला. धरणावर ठेवलेली सुरक्षित उंची, म्हणजे पाण्याची ठरवलेली पातळी आणि भिंतीचा माथा यांतलं अंतर, सुमारे आठ फूट होती. पाणी ते आठ फूट चढलं आणि वर दीड फूट जाऊन भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागलं. मातीचं धरण माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. डाव्या बाजूला सुमारे साडेचारशे फूट रुंदीचं खिंडार पडलं, उजव्या बाजूला आणखी दोन ठिकाणी फुटलं. त्या वेळी नदीतून आलेलं पाणी मोजलं गेलं ते सेकंदाला सुमारे १४,७०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ५ लाख २० हजार क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अठ्ठावीस लिटरच्या आसपास. घरगुती भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे चौदाशेहून अधिक टँकर दर सेकंदाला, एकामागोमाग.

पानशेत आपल्याला माहीत आहे. १२ जुलै १९६१. त्याच्यावर लिहिलं गेलं, पुणेकर अजून सांगतात. कडेम त्याच्या तीन वर्षं आधी फुटलं, पण मराठी वाचणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना ठाऊक आहे? मलाही नव्हतं. आतेबहिणीच्या सासूबाई बोलल्या तेव्हा कळलं.

धरण पुन्हा बांधलं, दारं वाढवली, आणि १९६५ मध्ये काम पुरं झालं. आज त्याला अठरा दारं आहेत. ती सगळी उघडली तर सुमारे तीन लाख क्युसेक पाणी खाली सोडता येतं.

इथे मी थांबले, तुम्हीही थांबा. किराणा दुकानातल्या मुलीला हा हिशेब कळतो. १९५८ मध्ये आलेलं पाणी पाच लाखांच्या वर, आणि नव्या धरणाची सोडायची ताकद तीन लाख.

हे कुणी दुष्टपणानं केलं असं मी म्हणत नाही. धरण बांधणारे एक अंदाज धरतात. इतका मोठा पूर किती वर्षांतून एकदा येईल? पैसा मर्यादित असतो, इतर गावंही पाणी मागत असतात. फार क्वचित येणाऱ्या पुरासाठी किती खर्च करायचा, हा प्रश्न खराच आहे. पण या हिशेबात एक शब्द आपली फसगत करतो. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हटलं की आपल्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं सुटी. तसं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी तो यायची शक्यता शंभरात एक. पुढच्या वर्षी पुन्हा तीच, नव्यानं. फासा मागचा डाव लक्षात ठेवत नाही. एखादी मुलगी नवरी होऊन नदीकाठच्या घरात आली आणि पन्नास वर्षं नांदली, तर तिच्या संसारात असा पूर यायची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के. मुलगी देताना घराणं बघतो, पत्रिका बघतो, कुणी नदी बघतं का?

*

२०२२ च्या त्या पौर्णिमेला कडेमला पुन्हा पाच लाख क्युसेकच्या वर पाणी आलं. अठरापैकी सतरा दारं उघडली, एक उघडलंच नाही. पाणी दारांवरून वाहू लागलं. खालच्या गावांतल्या लोकांना हलवलं. धरणावर जी माणसं त्या काळोखात उभी होती त्यांना मी नमस्कार करते, कारण आपण अशांची नावंही विचारत नाही. डाव्या अंगाला काठ फुटला, पाण्याला वाट मिळाली, आणि धरण राहिलं. पुढच्या वर्षी, २०२३ च्या जुलैत, पुन्हा पाणी दारांवरून गेलं, पुन्हा काही दारं अडकली, पुन्हा धरण राहिलं.

दोनदा राहिलं, म्हणून तिसऱ्यांदा राहील असं मानायचं का? आजारी माणूस दोनदा अतिदक्षता विभागातून परत आला तर घरचे त्याला जास्त जपतात, "याला काही होत नाही" म्हणत नाहीत.

ज्यांनी धोका मोजायचं शास्त्र केलं ते सांगतात की त्याचे तीन भाग असतात. पहिला, संकट स्वतः: पाऊस, भूकंप, वीज. दुसरा, त्याच्या वाटेत काय आहे: घरं, शेतं, शाळा. तिसरा, वाटेतलं किती कच्चं आहे: भिंत कशाची, म्हातारं माणूस पळू शकतं का, फोन लागतो का, पाळण्यात बाळ आहे का. तिन्ही मिळून धोका. एक जरी कमी केला तरी धोका कमी होतो. पाऊस कमी करणं आपल्या हाती नाही, बाकी दोन आहेत.

किल्लारीनं हे आपल्याला फार कठोरपणे शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा तो भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. ती बहुतेक भिंतींखाली गेली. दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-दोन हात जाड भिंती. उन्हाळ्यात गार राहणारं, चोरापासून जपणारं, श्रीमंतीचं लक्षण असलेलं घरच अंगावर आलं. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला आणि तो पहिला पट्टाच काढून टाकला, म्हणजे भारतात पूर्ण निर्धास्त अशी जागा नकाशावर उरली नाही. आपल्याकडे तेलंगणाचा बराच भाग दुसऱ्या पट्ट्यात येतो, गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्याचा काही भाग तिसऱ्यात. त्याच गोदावरी खोऱ्यात भद्राचलमला १३ एप्रिल १९६९ ला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता.

कोलामाचं बांबूचं घर भूकंपात हललं तरी माणसाला मारत नाही. पण तेच घर पुरात जातं आणि आगीत क्षणात जळतं. वाण्याचं दगडी घर पुरात टिकतं आणि भूकंपात मारतं. सगळ्या संकटांना एकच चांगलं घर नसतं. म्हणून "आमच्या गावाला कसला धोका?" हा प्रश्न प्रत्येक गावानं वेगळा विचारायचा असतो. जिल्ह्याचं एकच उत्तर सगळ्यांना पुरत नाही.

*

पूर आणि भूकंप यांच्या बातम्या होतात. पण या डोंगरांत माणसं जास्त करून अशा संकटांनी जातात ज्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते.

वीज घ्या. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं वीज पडून मरतात, नैसर्गिक संकटांतल्या मृत्यूंमध्ये हिचा आकडा सगळ्यांत मोठा असतो. आणि मृगाच्या सुरुवातीला आदिलाबादेत शेतात कोण असतं? कपाशी टोबणाऱ्या, पुढे निंदणाऱ्या बाया. आभाळ आलं की त्या एकाच मोठ्या झाडाखाली गोळा होतात, जे कधीच करू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. पण फोन मुकादमाच्या खिशात आणि बाई वावरात. धोक्याचा तिसरा भाग म्हणतात तो हाच.

दुसरं, ओढे. उटनूरकडच्या गुड्यांमधून दिवस भरलेल्या बाईला बाजेवर घालून, चौघांनी खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून नेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्या बाईची तारीख महिने आधी माहीत असते! ओढा आषाढ-श्रावणात भरतो हेही माहीत असतं. पावसाळ्यातल्या तारखांची यादी आणि ओढ्यांची यादी एकमेकींशेजारी ठेवायला कुठलं मोठं शास्त्र लागतं? पलीकडे गडचिरोलीत 'माहेरघर' नावाची सोय केली गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक घर, दुर्गम गावातल्या बाईनं तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस. नावच किती शहाणं दिलंय. तारीख जवळ आली की माहेरी जायचं हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. मला तर धोका मोजण्याचा हा सगळ्यांत सुंदर नमुना वाटतो, कारण त्यात ओढ्यावर पूल नाही, बाईची वाटच बदललेली आहे. पूलही हवाच, पण तो होईपर्यंत बाळं थांबत नाहीत.

आपल्या साधूंची वाटही आपण चार महिने थांबवतो. त्याचं मूळ कारण जीवदयेचं. ओल्या जमिनीवर असंख्य जीव उगवतात, ते पायाखाली येऊ नयेत. पण त्याच नियमानं भरलेल्या नद्यांपासून चालणाऱ्याही पायांना जपलं. काळ ओळखून वागणं बदलायचं, हे आपल्याला नवीन नाही.

*

कायद्याचंही सांगते, कारण तो आपल्या कामाचा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचं प्राधिकरण दिलं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. जिल्ह्यात कुठल्या भागाला कसला धोका आहे, तो टाळायला काय करायचं, आला तर कुणी काय करायचं, अशी योजना त्यांनी लिहायची आणि दरवर्षी तपासायची. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं धरणाच्या मालकालाही धोका तपासायला आणि आणीबाणीची योजना करायला बांधलं आहे.

कागद झाला. पण नदी कागदाच्या सीमा पाळत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद. कारभार जवळ आला, हे बरं झालं. पण कडेमचा उगम आदिलाबादेत राहिला आणि धरण निर्मलमध्ये गेलं. पाऊस एका जिल्ह्याच्या वहीत, पूर दुसऱ्याच्या वहीत. पैनगंगेचा तर एक काठ महाराष्ट्रात, दुसरा आपल्याकडे. वर इसापूर धरणाची दारं उघडली की बेला-जैनथकडच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग नदी ओलांडतो तिथे पूर चढला की ट्रकांची रांग लागते. तिकडचा निरोप मराठीत निघतो, इकडे तो तेलुगूतून गावात पोचतो आणि गोंडी बोलणाऱ्या म्हातारीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय उरत असेल? ज्या बायका तिन्ही भाषा बोलतात, आणि आपल्यापैकी बाजारात बसणाऱ्या बहुतेकजणी बोलतात, त्यांना या योजनेत जागा असायला हवी.

*

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळानं एक काम केलं. दुपारच्या स्वाध्यायानंतर अर्धा तास राखून ठेवला आणि प्रत्येकीनं आपल्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला तीन प्रश्न विचारून यायचं ठरवलं. पाणी कुठपर्यंत आलं होतं? कुठल्या साली? तेव्हा तुम्ही कुठे गेलात?

सालं कुणाला धड आठवेनात. पण "थोरल्याच्या वेळी दिवस गेले होते", "सासऱ्यांचं वर्षश्राद्ध नव्हतं झालं", "पर्युषण दोन दिवसांवर होतं", अशा खुणा निघाल्या आणि त्यांवरून सालं जुळवता आली. एकीनं घराच्या खांबावरची रेघ दाखवली. दर दिवाळीला तिच्यावर रंग मारतात, पण खांबावर उंचवटा उरतोच. एकीची आजेसासू म्हणाली, पाण्यापेक्षा नंतरचे पंधरा दिवस वाईट होते. विहीर गढूळ, पाणी दुहेरी फडक्यानं गाळलं तरी हगवण गेली नाही, उकळायला सुकं जळण नव्हतं. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनाही हे लक्षात ठेवायला हवं, गाळणं पुरेसं नसतं, उकळावं लागतं, आणि त्यासाठी चार दिवसांचं जळण किंवा भरलेलं सिलिंडर माळ्यावर असावं लागतं. ही ओळ कुठल्या सरकारी योजनेत असेल तर उत्तम. नसेल तर आमच्या वहीत आहे.

वही काही फार मोठी झाली नाही. दोनशे पानी वहीची एकतीस पानं भरली. पण त्यात गावातली उंच जागा कुठली, कुठल्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कुणाचे दिवस भरत आलेत, नाव कुणाची आहे, हे सगळं आलं. एक प्रत पंचायतीत दिली. तिथल्या तरुण सचिवानं ती उभ्यानंच चाळली, मग खुर्चीवर बसून वाचली, आणि विचारलं, "ताई, अशी शेजारच्या गावाची मिळेल का?"

आतेबहिणीच्या सासूबाई या फाल्गुनात गेल्या. समाधानानं गेल्या. तेराव्यानंतर मी त्यांच्या नातवाला घेऊन मारुतीच्या देवळाशी गेले. त्यानं ऑइलपेंटचा डबा आणला होता. तिसऱ्या पायरीवर त्यानं लाल रंगाची आडवी रेघ ओढली आणि शेजारी दोन सालं लिहिली, १९५८ आणि २०२२. तेलुगूत आणि मराठीत. मग खाली थोडी जागा मोकळी सोडली. मी विचारलं, ती कशाला? तो म्हणाला, "आजी म्हणायची, जागा ठेवावी लागते."